‘लेट’ म्हणजे अडथळा: जुन्या इंग्रजी शब्दांचे पुढे काय होते?

भारतीय पासपोर्टच्या आत राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ येऊ-जाऊ द्यावे, असे तिच्यात म्हटले आहे. शाळेत शिकलेला ‘लेट’ म्हणजे करू देणे. मग ‘लेट’शिवाय जाऊ द्या म्हणजे काय, परवानगीशिवाय? तसे नाही. हा ‘लेट’ निराळा, त्याचा अर्थ अडथळा. त्याच विनंतीचा हिंदी मजकूर ‘बिना रोक-टोक’ म्हणून मोकळा होतो. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला की पंच ‘लेट’ पुकारतात, तो हाच.

जुन्या इंग्रजी शब्दांची चर्चा आपल्याकडे सहसा दुसऱ्या वाटेने सुरू होते. मे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी एका वृत्तवाहिनीच्या आरोपांना उत्तर देताना ट्विटरवर ‘फरागो’ हा शब्द वापरला आणि देशभर लोकांनी शब्दकोश उघडले. लॅटिनमध्ये ‘फरागो’ म्हणजे गुरांसाठी मिसळून केलेला चारा. त्यावरून सरमिसळ, खिचडी. पुढच्याच वर्षी त्यांचा एकोणतीस अक्षरी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ आला. लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, काहीच नाही आणि केस अशा चार लॅटिन शब्दांची ही माळ. अर्थ इतकाच, की एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणे. तेव्हापासून ‘दुर्मिळ इंग्रजी शब्द’ अशा याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच असतात.

या याद्यांची अडचण अशी की त्यांत सगळे शब्द एकाच टोपलीत असतात. पाचशे वर्षांपूर्वी मेलेला, फक्त कायद्याच्या कागदावर उरलेला, साठ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत घडवलेला आणि कुणीच कधी न वापरलेला, असे सगळे शेजारी शेजारी. शब्दाचा अर्थ पाठ करण्याआधी तो सध्या कोणत्या अवस्थेत आहे, हे कळायला हवे.

जुने म्हणजे किती जुने?

शेक्सपिअरची भाषा अवघड वाटली की आपण तिला ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतो. अभ्यासकांच्या लेखी ती जवळजवळ आधुनिकच. खरी ओल्ड इंग्लिश साधारण इ. स. ४५० ते ११५० या काळातली, आणि ती आजच्या इंग्रज माणसाला जर्मनइतकीच परकी वाटते. तिच्यानंतरची मधली पायरी सुमारे १५०० पर्यंत चालते; चॉसर हा कवी तिच्यातला, ज्ञानेश्वरांच्या मागून शंभरेक वर्षांनी होऊन गेलेला. शेक्सपिअर (१५६४–१६१६) त्यानंतरचा, म्हणजे एकनाथांच्या उतारवयात लिहिता झालेला आणि तुकारामांच्या बालपणी वारलेला. तुकोबांचा अभंग आपल्याला जितका कळतो आणि जिथे अडतो, तितपतच शेक्सपिअर इंग्रजांना कळतो आणि अडतो.

शब्दकोशांत अशा शब्दांपुढे दोन शिक्के असतात. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे पूर्ण वापराबाहेर गेलेला, याला आपण मृत म्हणू. ‘आर्केइक’ म्हणजे अजून कळतो, पण मुद्दाम जुनी छटा आणायची असेल तेव्हाच वापरला जातो. याला जुनाट म्हणू. अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर कोशाची कसोटी अगदी काटेकोर आहे: १७५५ नंतर वापराचा एकही पुरावा नसेल तर शब्द मृत. १७५५ च का? कारण त्या वर्षी सॅम्युअल जॉन्सनचा कोश प्रसिद्ध झाला.

ऑक्सफर्डचा मोठा कोश मृत शब्दांपुढे कट्यारीसारखी खूण करतो, पण एकदा घेतलेला शब्द बाहेर काढत नाही. १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत चालू शब्दांच्या १,७१,४७६ नोंदी आहेत आणि मृत शब्दांच्या ४७,१५६. त्यामुळे ‘ऑक्सफर्डमध्ये आहे’ एवढ्यावरून शब्द चलनात आहे असे ठरत नाही. संग्रहालयातले नाणे खरे असते, पण वाणी ते घेत नाही.

शब्द मरतो कशाने?

एक कारण उघड आहे: वस्तू गेली की शब्द जातो. बाण बनवणारा ‘फ्लेचर’, गाडे बनवणारा ‘वेनराइट’, कापड विणणारा ‘वेबस्टर’ हे धंदे गेले किंवा त्यांची नावे बदलली. शब्द आडनावांत तेवढे राहिले. नाणी पारखणारा पोतदार आपल्याकडे तसाच उरला आहे.

दुसरे कारण स्पर्धा. विल्यम कॅक्स्टन या इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकाने १४९० मध्ये एका प्रस्तावनेत हकीकत लिहून ठेवली आहे. काही व्यापारी बोटीने निघाले, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने घरधनिणीकडे ‘एग्ज’ मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली तेव्हा तिला कळले. दोन्हींचा अर्थ अंडी. ‘आयरेन’ हा अस्सल इंग्लिश शब्द, ‘एग’ हा उत्तरेत स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांकडून आलेला. घरचा मेला, पाहुणा राहिला.

तिसरे कारण टक्कर. ओल्ड इंग्लिशमध्ये ‘अडवणे’ आणि ‘जाऊ देणे’ यांसाठी दोन वेगळी क्रियापदे होती. उच्चार झिजत झिजत दोन्ही ‘लेट’ झाली. एकाच आवाजाचे दोन उलटे अर्थ घेऊन भाषा फार काळ चालत नाही. ‘अडवणे’ हरले, ते पासपोर्ट आणि टेनिसपुरते उरले.

एकट्याने मेले, जोडीत राहिले

काही शब्द स्वतंत्रपणे केव्हाच संपले, पण एखाद्या वाक्प्रचारात अडकून राहिले. मराठीत एकटा ‘दिक्कत’ आता फारसा कुणी वापरत नाही, ‘बिनदिक्कत’ मात्र सगळे म्हणतात. इंग्रजीत ‘रूथलेस’ म्हणजे निर्दय हे ठाऊक असते. ‘रूथ’ म्हणजे दया, हा शब्द गेला. ‘अनकेम्प्ट’ म्हणजे पिंजारलेले. ‘केम्प्ट’ म्हणजे विंचरलेले. ‘किथ अँड किन’मधला ‘किथ’ म्हणजे ओळखीपाळखीचे लोक, आणि ‘अनकूथ’मधला ‘कूथ’ म्हणजे ओळखीचा. दोन्हींचे मूळ एकच. म्हणजे ‘अनकूथ’ हा मुळात अनोळखी माणूस. अनोळखी तो असभ्य, ही समजूत भाषेनेच करून घेतली.

‘शॉर्ट श्रिफ्ट’मागची कथा जरा कठोर आहे. ‘श्रिफ्ट’ म्हणजे धर्मगुरूपुढे दिलेली पापांची कबुली. फाशी जाणाऱ्याला त्यासाठी वेळ देत, आणि घाई असली की थोडाच देत. आज एखाद्याचे म्हणणे न ऐकता त्याला वाटेला लावले की हा वाक्प्रचार वापरतात.

इथे एक चूक हमखास होते. ‘बेटेड ब्रेथ’ म्हणजे रोखून धरलेला श्वास. यातला ‘बेटेड’ हा ‘अबेटेड’चा, म्हणजे ‘कमी केलेला’ याचा, तुटलेला तुकडा. पण तो एकटा कुठे दिसत नसल्याने लोक आमिष या अर्थाच्या ‘बेट’चे स्पेलिंग लिहितात आणि श्वासाला गळ लावल्यासारखे होते. जोडीतला मेलेला शब्द ओळखीच्या शब्दाकडे घसरतो, तो असा.

तू हरवलेली भाषा

जुन्या इंग्रजीतला सगळ्यांत प्रसिद्ध शब्द ‘दाउ’. बायबलमध्ये देवाला ‘दाउ’ म्हणतात, म्हणून तो आदरार्थी असावा, अशी समजूत इंग्रजांचीही आहे. मराठी माणसाने इथे फसायचे कारण नाही. ‘दाउ’ म्हणजे तू. आपण विठ्ठलाला आणि आईला जसे ‘तू’ म्हणतो, तसे ते देवाला ‘दाउ’ म्हणत. ‘यू’ हे मूळचे तुम्ही: अनेकांसाठी, आणि मोठ्यांसाठी एकवचनातही.

आपल्याकडे पोलिसाने प्रतिष्ठित माणसाला ‘ए, तू इकडे ये’ म्हटले की जे होते, ते तिथेही होई. १६०३ मध्ये वॉल्टर रॅले या बड्या दरबारी सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला ‘मी तुला तू म्हणतो, द्रोह्या’ अशा अर्थाचे सुनावले. ‘दाउ’ तिथे क्रियापद म्हणून वापरला आहे. आपण ‘अरेतुरे करणे’ म्हणतो, तसेच. उलट क्वेकर पंथाचे लोक, माणसे सारखी म्हणून, न्यायाधीशापासून सगळ्यांना ‘दाउ’ म्हणत आणि त्यापायी मार खात. सावधगिरी म्हणून लोक सरसकट ‘यू’ म्हणू लागले. साधारण १७०० पर्यंत लंडनच्या प्रमाण बोलीतून ‘तू’ गेला. यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलींत पुढेही राहिला.

वापराचे नियम थोडेच आहेत. कर्ता ‘दाउ’ (तू), कर्म ‘दी’ (तुला), मालकी ‘दाय’ (तुझा). पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘दाय’चा ‘दाइन’. ‘दाउ’बरोबर क्रियापदाला ‘एस्ट’ लागतो: दाउ गोएस्ट, तू जातोस. तो किंवा ती असेल तर ‘एथ’: ही गोएथ, तो जातो.

आता ‘जातोस’मधला ‘स’ आणि ‘गोएस्ट’मधला ‘स’ शेजारी ठेवून पाहा. हा योगायोग नाही. संस्कृतात ‘गच्छसि’ म्हणजे तू जातोस आणि ‘गच्छति’ म्हणजे तो जातो. संस्कृतचा ‘सि’ आणि इंग्रजीचा ‘एस्ट’, संस्कृतचा ‘ति’ आणि इंग्रजीचा ‘एथ’ एकाच प्राचीन कुळातले आहेत. ‘दाउ’ आणि ‘तू’ तर सख्खे चुलत भाऊच.

म्हणून विनोदी व्हिडिओंत ‘आय गोएथ’, ‘वी गोएथ’ ऐकू येते ते ‘मी जातोस’ म्हणण्याइतके चुकीचे असते. जुनेपणाचा रंग द्यायला कुठेही ‘एथ’ चिकटवून चालत नाही.

दुकानांच्या पाट्यांवर दिसणारे ‘ये ओल्ड’ हा आणखी एक गोंधळ. ओल्ड इंग्लिशमध्ये ‘थ’साठी थॉर्न नावाचे वेगळे अक्षर होते. हस्तलिखितांत ते झिजून वायसारखे दिसू लागले, आणि सुरुवातीच्या मुद्रकांच्या युरोपातून आणलेल्या खिळ्यांत थॉर्न नव्हताच, म्हणून त्यांनी वाय लावला. ते ‘ये’ नाही, साधे ‘द’ आहे, आणि त्या काळीही ‘द’ असेच वाचत.

इथे, इकडे, इथून

मराठी वाचकाला फुकट मिळणारी ही दुसरी किल्ली. आजची इंग्रजी ‘इथे’ आणि ‘इकडे’ या दोन्हींसाठी ‘हिअर’ म्हणते. पूर्वी तिच्याकडे आपल्यासारखेच तीन-तीन शब्द होते. इथे ‘हिअर’, इकडे ‘हिदर’, इथून ‘हेन्स’. तिथे ‘देअर’, तिकडे ‘दिदर’, तिथून ‘देन्स’. कुठे ‘व्हेअर’, कुणीकडे ‘विदर’, कुठून ‘व्हेन्स’. नऊ शब्द एका दमात पाठ होतात, कारण खाने आपल्या डोक्यात आधीच तयार आहेत. ‘फ्रॉम व्हेन्स’ काहींना का खटकते, तेही यावरून कळते: ते ‘कुठूनहून’ म्हटल्यासारखे होते. मोठमोठ्या लेखकांनी मात्र ते खुशाल वापरले आहे, तेव्हा कुणाची चूक काढायला जाऊ नये.

या घरातला एक शब्द हमखास फसवतो: ‘व्हेअरफोर’. ज्युलिएट सज्जात उभी राहून ‘व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ’ म्हणते, तेव्हा ती रोमिओला शोधत नसते. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’. तू रोमिओच का, वैऱ्याच्याच घराण्यातला का, अशी तिची तक्रार आहे.

अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा जास्त धोक्याचा

अनोळखी शब्द दिसला की आपण थांबतो, कोश उघडतो. खरा घात होतो तो रोजच्या शब्दाचा जुना अर्थ समोर आला की. १६११ च्या बायबलमध्ये ‘सफर लिटल चिल्ड्रन’ आहे. मुलांना त्रास द्या, असे येशू सांगत नाही. तिथे ‘सफर’ म्हणजे येऊ द्या. शेक्सपिअरचा ‘प्रेझंटली’ बहुतेक वेळा ‘ताबडतोब’ असतो. जुन्या प्रार्थनेत ‘प्रिव्हेंट अस, ओ लॉर्ड’ म्हणजे देवा, आमच्या पुढे चाल. ‘नाइस’ चौदाव्या शतकात मूर्ख होता, आणि ‘सिली’ त्याहून आधी पुण्यवान. दोघांनी वाटेत जागा बदलल्या म्हणा ना.

‘मीट’ म्हणजे पूर्वी कोणतेही अन्न. त्यामुळे मिठाईच्या दुकानावरचे ‘स्वीटमीट’ पूर्ण शाकाहारी आहे, शंका नसावी.

‘डिअर’ म्हणजे पूर्वी कोणताही प्राणी. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये उंदीर-घुशींना ‘स्मॉल डिअर’ म्हटले आहे. ते वाचून इंग्रज विद्यार्थी गोंधळतो. आपण गोंधळायला नको. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कोणतेही जंगली जनावर होते, म्हणून सिंह मृगराज आणि माकड शाखामृग. पुढे मृग म्हणजे हरीण इतकेच उरले. हजारो मैलांच्या अंतरावर दोन भाषांनी तोच अर्थ त्याच प्राण्यापर्यंत आकसवला. शिकारीत हरीणच जास्त मिळायचे, हे बहुधा दोन्हीकडचे कारण.

सही करता त्या कागदावरचे शब्द

घर घेताना, कुलमुखत्यारपत्र करताना, कर्ज काढताना जे इंग्रजी दस्त पुढे येतात, त्यांत मृत आणि जुनाट शब्दांची वस्तीच असते. नेहमी भेटणारे काही नीट पाहू.

‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’: कुलमुखत्यारपत्राची ही ठरलेली सुरुवात. इथे भेटवस्तूंचा संबंध नाही आणि हजर माणसांचाही नाही. ‘दीज प्रेझेंट्स’ म्हणजे ‘हा समोरचा दस्त’. या दस्तावरून सर्वांना कळावे की, एवढाच अर्थ.

‘विटनेसेथ’: वर पाहिलेला ‘एथ’ इथे पुन्हा भेटतो. ‘नाउ धिस डीड विटनेसेथ’ म्हणजे हा दस्त साक्ष देतो की. कर्ता दस्त आहे. खाली सह्या करणाऱ्या साक्षीदारांशी या वाक्याचे देणेघेणे नाही.

‘इंडेंचर’: यात दात आहेत. लॅटिन ‘डेन्स’ म्हणजे दात. पूर्वी एकाच चामड्यावर करार दोनदा लिहीत आणि मधून करवतीसारखी वेडीवाकडी रेघ कापून एकेक भाग दोघांना देत. वाद झाला की तुकडे जोडून पाहायचे. दात जुळले तर कागद अस्सल. एकानेच लिहून द्यायच्या दस्ताला दुसरी प्रत लागत नसे, कड सरळ कापत. तो ‘डीड पोल’. ‘पोल’ म्हणजे सरळ छाटलेला. नाव बदलताना आजही हाच शब्द येतो.

‘मेस्ने प्रॉफिट्स’: स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार ‘मीन’. अर्थ ‘मधला’. दुसऱ्याच्या मालमत्तेवर बेकायदा ताबा असलेल्याने मधल्या काळात मिळवलेले, किंवा साधी खटपट केली असती तर मिळू शकले असते असे उत्पन्न, व्याजासह. व्याख्या दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या कलम २(१२) मध्ये आहे. ताबेदाराने स्वतः केलेल्या सुधारणांमुळे वाढलेले उत्पन्न त्यात धरत नाहीत, हे लक्षात ठेवण्याजोगे.

‘एस्चीट’: वारस नसलेली मालमत्ता सरकारजमा होणे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६ मध्ये हा शब्द आहे. इंग्लंडमध्ये अशी मालमत्ता ताब्यात घेणारे अधिकारी इतके बदनाम झाले, की या शब्दाच्या शेपटातून ‘चीट’, म्हणजे फसवणे, तयार झाला.

राहिले ‘हिअर’ आणि ‘देअर’चे पीक: हिअरिनआफ्टर, हिअरटू, देअरऑफ, देअरअंडर. सोपा नियम असा: ‘हिअर’ दिसले की ‘हा दस्त’ असे वाचायचे, ‘देअर’ दिसले की ‘आत्ताच उल्लेख झालेली ती गोष्ट’. मग शेपटाचा अर्थ जोडायचा. ‘हिअरिनआफ्टर’ म्हणजे या दस्तात यापुढे. ‘देअरऑफ’ म्हणजे त्याचा. बिघडते कुठे? आधीच्या वाक्यात दोन गोष्टी असल्या की ‘देअरऑफ’ नेमका कशाचा, हे कळत नाही. सदनिका आणि वाहनतळाची जागा असे दोन्ही लिहून पुढे ‘देअरऑफ’ आला तर वकिलाला थांबवून विचारा, आणि शक्य असेल तर तिथे वस्तूचे नावच घालायला लावा.

पण वकील साधे का लिहीत नाहीत?

थोडा इतिहास, थोडी भीती. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयांतून फ्रेंच आणि लॅटिन कायद्याने पूर्ण जायला १७३३ उजाडले. मधल्या काळात दोन्हीकडच्यांना कळावे म्हणून शब्दांच्या जोड्या लावायची सवय पडली: ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणजे मृत्युपत्र, ‘गुड्स अँड चॅटल्स’ म्हणजे चीजवस्तू. आपण ‘कागदपत्र’ आणि ‘बाजारहाट’ म्हणतो तेव्हा हेच करतो, एक शब्द बाहेरचा आणि एक घरचा.

भीती अशी, की जुन्या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी अनेकदा ठरवून दिलेला असतो. नवा शब्द घातला आणि त्यावरून वाद निघाला तर? ही भीती अगदीच पोकळ नाही, पण ती काही मोजक्या पारिभाषिक शब्दांना लागू पडते. ‘एस्चीट’ ठेवा हवा तर. ‘विटनेसेथ’ काढले म्हणून कुणाचा हक्क बुडत नाही. इंग्लंडनेच १९९९ मध्ये दिवाणी नियम बदलताना ‘प्लेन्टिफ’, म्हणजे वादी, हा शब्द टाकून ‘क्लेमंट’ घेतला. आपल्याकडे ‘प्लेन्टिफ’ अजून नांदतो आहे. अर्थात नुसत्या इंग्रजीला नावे ठेवून चालणार नाही. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ असे आपल्या खरेदीखतातही येतेच. फरक इतका की ते म्हणताना निदान ताल तरी सापडतो.

जुने दिसणारे नवे शब्द

‘पेट्रिकोर’ याद्यांत हमखास असतो: पहिल्या पावसाचा वास, आपला मृद्गंध. ग्रीक घडणीमुळे तो प्राचीन वाटतो, पण तो १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकातल्या लेखासाठी घडवला. ‘येस्टरइअर’, म्हणजे सरलेले वर्ष, हाही जुना वाटतो. तो १८७० मध्ये डान्टे गॅब्रिएल रोझेट्टी याने फ्रेंच कवितेच्या अनुवादासाठी केला.

‘ओव्हरमॉरो’ म्हणजे येणारा परवा. पूर्वी इंग्रजांकडेही ‘परवा’ होता हो, असे सांगत हा शब्द फिरतो. तो १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये आहे खरा, पण कव्हरडेल जर्मन भाषांतर समोर ठेवून काम करत होता आणि जर्मनमध्ये नेमका असाच शब्द आहे. बाजारात, घरात तो सर्रास बोलला जात होता, असे त्यावरून म्हणता येत नाही. ‘अ‍ॅप्रिसिटी’, म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, हा तर मुख्यतः कोशांतच जगलेला शब्द. १६२३ मध्ये हेन्री कॉकरमच्या कोशात तो आला, पुढच्या कोशकारांनी उतरवून घेतला. शब्द गोड आहे, वापरू नये असे नाही. फक्त ‘पूर्वीचे लोक म्हणत’ असे सांगू नये.

आणि काही शब्द तर जन्मालाच आलेले नसतात. १९३४ च्या वेबस्टर कोशात ‘डोर्ड’ म्हणजे घनता, अशी नोंद छापली गेली. मूळ चिठ्ठीवर लिहिले होते: डेन्सिटीसाठी ‘डी’ हे अक्षर, मोठे किंवा लहान, संक्षेप म्हणून चालते. ‘डी ऑर डी’ ही अक्षरे कुणीतरी जोडून वाचली आणि शब्द तयार झाला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात येईपर्यंत तो बिनबोभाट कोशात बसून होता. अशांना भूतशब्द म्हणतात.

यादीतला शब्द तपासायचा कसा?

पाच-दहा मिनिटांचे काम आहे. आधी कोशातला शिक्का पाहा, मृत की जुनाट. मग पहिल्या आणि शेवटच्या वापराचे वर्ष पाहा. ऑक्सफर्डच्या चालू आवृत्तीला वर्गणी लागते, पण १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघालेल्या पहिल्या आवृत्तीची स्कॅन केलेली पाने मोफत मिळतात. जॉन्सनचा १७५५ चा कोश मोफत आहे, आणि ११०० ते १५०० या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा कोशही.

नंतर उदाहरणे मोजा. सगळी उदाहरणे दुसऱ्या कोशांतूनच घेतलेली असतील तर शब्द बहुधा कुणी बोललाच नाही. सबंध वाङ्मयात एकदाच आलेलेही शब्द असतात: ‘उख्टकेअरे’, म्हणजे पहाटेच्या आधी जाग येऊन छळणारी काळजी, ओल्ड इंग्लिशच्या एकाच कवितेत भेटतो.

शेवटी गूगल बुक्सचा एनग्राम आलेख, म्हणजे छापील पुस्तकांत कोणत्या वर्षी शब्द किती आला हे दाखवणारा, पाहायला हरकत नाही, पण एक खाचखळगा सांभाळा. १८०० च्या आधी छापताना ‘एस’ अक्षराचे एक लांब रूप वापरत, ते ‘एफ’सारखे दिसते. यंत्र त्याला ‘एफ’ समजते आणि ‘बेस्ट’चे ‘बेफ्ट’ करते. त्यामुळे १८०० च्या आसपास एखादा शब्द अचानक जन्मला किंवा गडप झाला असे आलेखात दिसले, तर आधी त्यात ‘एस’ आहे का ते बघा.

पण काही ‘मेलेले’ शब्द तर आपण रोज वापरतो

हो, आणि त्यात चूक नाही. गाडीची ‘स्टेपनी’ घ्या. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी आऱ्यांशिवायची, हवा भरलेल्या टायरची धाव काढली. पंक्चर झालेले चाक न काढता ती त्याच्यावरच पकडीने बसवायची आणि गाडी पुढे न्यायची. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून नाव स्टेपनी. पुढे मोटारींबरोबर अख्खे जादा चाक मिळू लागले, वस्तू गेली आणि ब्रिटनमध्ये शब्दही गेला. आपल्याकडे तो कोणत्याही जादा चाकाला लागून जगला. ‘डिकी’ तसाच: घोडागाडीच्या मागे नोकरासाठी असलेली बैठक, नंतर मोटारीच्या मागची उघडती जागा. लंडनमध्ये सामान ‘बूट’मध्ये ठेवतात, पुण्यात डिकीत.

‘डू द नीडफुल’ला हसण्याची फॅशन आहे. हा प्रयोग अशिक्षितपणातून आलेला नाही. इंग्लंडमध्ये तो एकेकाळी नीट रुळलेला होता. तिथे जुना झाला, इथल्या कचेऱ्यांत राहिला. भारतातल्या कार्यालयाला लिहिताना खुशाल लिहा. परदेशातल्या माणसाला मात्र नेमके काय करून हवे ते लिहा, कारण ‘नीडफुल’ म्हणजे त्याने पैसे पाठवायचे, सही करायची की फोन करायचा, हे त्याला त्या शब्दातून कळणार नाही. खरे तर ते इथल्या कारकुनालाही कळत नाही. तो फाइल पाहून ओळखतो.